हिरव्या साडीच्या मागं

पूर्वी रॉकेलच्या रांगेत आम्ही डबा ठेवून घरी जायचो. परवा डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा आपण कुणाच्या मागं आहोत ते लक्षात ठेवून जो तो मिळेल तिथं बसला. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची लेक.

"दानेश्वरी, रडाय काय झालं?"

"अप्पा, जहाजाच्या मॉडेलमधला एक बिंदू माझ्याकडून पुसला गेला."

"सोलापुरात जहाज?"

"कॉम्प्युटरवर हो. त्या बिंदूच्या आधारानं चाळीस पत्रे बसवले होते."

"म्हंजे पत्रे पुसलेस व्हय?"

"पत्रे आहेत. कुणी कुठं बसायचं, ते हरवलंय."

"मला तर कायच कळंना. सायबाला सांग की."

"नवीन आहे मी, काढून टाकतील. गुपचूप एकेक पत्रा हातानं सरकवते."

"बरं, आपला नंबर कुटं हाय?"

"या हिरव्या साडीच्या आजींच्या मागं."

माझे पाय आखडले होते. उद्या यावं म्हणून मी पिशवी घेऊन उठले, तशी इकडून तिकडून माणसं ओरडली.

"ओ आजी, उटू नका! मी तुमच्या मागं हाय!"

"तुमी कसं? आजीच्या मागं मी!"

"आन् मी ह्यांच्या मागं. आता कुटं जाऊ?"

"दानेश्वरी, तुज्या जहाजातली आजी उटली व्हय गं?"

"व्हय, अप्पा."

"मग ह्या माणसांना हातानं एकेक सरकव बघू."

"...सरांना फोन लावते."

"लाव. आन् आजी, तुमी बसा की."