खिडकीपाशी कोण बसलं होतं

—नको नको, त्या खुर्चीवर नको, मॅडम, तिचा पाय डुगडुगतो. इकडे बसा. झालं का सगळं? तीन दिवस चाललंय तुमचं! मला वाटलं, कोर्टानं पाठवलेल्या डॉक्टर, मुलीला चार प्रश्न विचाराल आणि जाल. तर तुम्ही पट्टी लावून डोळे काय मोजलेत, ओठ काय मोजलेत — शिंपीसुद्धा एवढी मापं घेत नाही हो. नाकाखाली आपल्याला ती पन्हळ असते ना, ती तिला नाहीच, अगदी सपाट — तुम्ही दाखवलंत तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. जन्मापासून या वसतिगृहात आहे, सोळा वर्षांची झाली, पण असं कोण निरखून बघतं? मी आपली आरशात स्वतःची बघून आले. आहे, चांगली खोल आहे!

आई? प्यायची म्हणजे काय, विचारूच नका. तीही इथलीच मुलगी. ही पोटात होती तेव्हा पलीकडच्या इमारतीत ठेवलं होतं तिला. पोट हे एवढं पुढं आलेलं, आणि खिडकीतून दोरी सोडून बाटली वर ओढायची — रोज! खाली बाटली कोण बांधायचं, देव जाणे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लिहा, खुशाल लिहा, सही देते मी. म्हणून तर म्हणते, रक्तातच आहे हो, जशी आई तशी — काय? रक्तातलं नाही? मग? ... दारू नाळेतून जाते, बाळाचा मेंदू जन्माआधीच बिघडतो... हं. म्हणजे हिचा दोष नाही, असं निघतं त्यातून. आणि आता परवा कोर्टात तारीख आहे, तिथं तुम्ही हे सांगितलंत तर हिला मोठ्या बायकांच्या तुरुंगात पाठवणार नाहीत. हिचा कबुलीजबाबसुद्धा धरणार नाहीत? ... असं होय. हे मला आधी कुणी बोललं नाही.

अहो, पण एक पोर जळून गेलीय, मॅडम! चिमणी म्हणायचो आम्ही तिला, आठ वर्षांची होती, वरच्या गाद्यांच्या खोलीत — तो वास अजून जिन्यात आहे, कितीही फिनेल टाका. आणि हिनं कबूल केलंय. फौजदारांसमोर, रडली नाही की अडखळली नाही. काडी तू ओढलीस? हो. रागानं? हो. चिमणी आत होती हे माहीत होतं? हो. मी शेजारीच बसले होते, खांद्यावर हात ठेवून — घाबरू नये म्हणून. शहाण्यासारखी बोलली अगदी. नंतर बिस्किटं दिली मी तिला.

तुम्हाला काय सांगितलं तिनं? मी कोंडते? कुणाला, चिमणीला? कमाल आहे बाई. अहो, रोज गादी ओली करायची ती. मग गादी वाळेपर्यंत तिथं बसायचं, एवढंच. हीटर असतो लावलेला, ऊबच मिळते उलट. त्याला कोंडणं म्हणतात का? कडी आपली लावायची, नाहीतर पोरी पळतात बाहेर. आणि त्या दिवशी तर मी वर नव्हतेच. हीटर जुना झालाय हे मी साहेबांना कितीदा — नाही, हीटरचा काय संबंध? मी कुठे म्हटलं हीटरनं?

आणि विश्वास कुणावर ठेवताय? होयबावर? हो, होयबा, पोरींनीच पाडलंय हिचं नाव. काहीही विचारा, हो म्हणते. थांबा, गंमत दाखवते. ए, ये गं आत. अगं काय हे, बटणं बघ, खालचं वर आणि वरचं खाली! घोडी झाली तरी अजून मीच लावून देते, मॅडम, बोटंच वळत नाहीत तिची. सरळ उभी राहा. काय गं, काल आपण दोघी विमानातून गेलो होतो ना? — बघा! हो म्हणाली. खिडकीपाशी कोण बसलं होतं? — तू? बरं, मग खाली काय दिसलं? ... छोटी छोटी घरं. ऐकलंत? आणि एक कुत्रं. विमानातून कुत्रं दिसलं हिला! हसा की, मॅडम. जन्मात विमानात बसली नाही. आणि खोटं बोलते असंही नाही, तोंडाकडे बघा तिच्या — खरंच बसली होती ती खिडकीपाशी. तेच सांगतेय मी तुम्हाला, हिच्या बोलण्याला कवडीची किंमत नाही. कोंडलं म्हणेल, मारलं म्हणेल, समोरचा विचारेल तसं म्हणेल —

काय?

नाही, काडी ओढली म्हणाली, ते वेगळं.

वेगळं म्हणजे — वेगळं. ते फौजदारांनी विचारलं होतं. मी होते ना शेजारी. हो, बोटं वळत नाहीत म्हटलं मी, पण काडी ओढायला काय लागतं? ... काय लिहिताय? ते विमानाचं लिहू नका, गंमत होती ती, घरातल्या घरात. ठेवा ते पेन. वय काय हो तुमचं? माझी भाची आहे तुमच्याएवढी. कॉलेजातून आली की तिलाही सगळं जग आजच्या आज बदलायचं असतं. या ना, राहा इथं, चाळीस पोरी आणि आम्ही दोघी बायका — मग बघू कड्या लावता की नाही.

आजच नेता तिला? कुठे, दवाखान्यात? परवापर्यंत? तशी कोर्टाची चिठ्ठी आणलीय, होय. बघू... 'मुलीची मर्जी असल्यास.' बरं. मग विचारू की तिला. तुम्ही नको, मी विचारते, माझी सवय आहे तिला. ये अशी, पुढे ये. हे बटण लावू दे. मान वर कर. माझ्याकडे बघ, मॅडमकडे नाही. तुला इथंच राहायचंय ना, माझ्यापाशी?

ऐकलंत? हो म्हणाली.

या आता, मॅडम. जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतरा.

तू नाही गं. तू थांब.