टाकीतल्यांचं पोट बिघडलं

...आणि वर मलाच विचारते, "अहो, आज त्यांनी नीट खाल्लं का?" त्यांनी! तुम्हाला सांगतो, मी दिवसभर दुकानात चार पँटी कापून, दोन कोटांच्या बाह्या उसवून, कंबरडं मोडून घरी येतो, तर नवरा जेवला का, हे विचारायचं सोडून... त्यांनी! कोण त्यांनी? सासूबाई आल्यात? पाहुणे आलेत? छे हो! जंतू! मागच्या दाराशी टाकी आहे ना, तिच्यातले जंतू! मी जळत नाही हां, आपलं सांगतोय.

आता तुम्ही म्हणाल, घरात जंतू कशाला पाळलेत? तर आमची ही सांडपाणी शुद्ध करतात त्या केंद्रात, प्रयोगशाळेत कामाला. तिचं म्हणणं असं, की केंद्रात पाण्यातली घाण निघते, पण आपण जो शाम्पू लावतो, पावडर वापरतो, सुवासिक फवारे मारतो, त्यातली रसायनं तशीच पुढे नदीत जातात आणि मासे हकनाक मरतात. तर तिने म्हणे असे जंतू तयार केलेत, जे ही रसायनंच खातात. चांगलं आहे! मासे जगले पाहिजेत, माझं काही म्हणणं नाही. पण केंद्रात जागा नाही म्हणून पहिला प्रयोग कुठे? माझ्या घरी! मोरीचं पाणी टाकीत, टाकीत बुडबुड बुडबुड पंप, आणि मोरीच्या दारावर तक्ता. अंघोळ सात वाजता. शाम्पू एक झाकण. दीड झाकण घेतलं तर कारण लिहा! अहो, स्वतःच्या घरात डोकं धुवायचं आणि लेखी जबाब द्यायचा?

बरं, माया तरी किती! माझी कंबर वर्षात दोन इंचांनी वाढली, मी शिंपी माणूस, मला टेपशिवाय कळतं, पण हिला पत्ता नाही. तोच टाकीतला गाळ बोटभर वाढू दे, "अय्या, बघा ना, कसे गुटगुटीत झालेत!" बाईच्या आयुष्यात दुसरी आली तर तिला सवत म्हणतात. पुरुषाच्या आयुष्यात अब्जावधी आले तर त्यांना काय म्हणायचं? शब्दच नाही हो भाषेत! मी जळत नाही हां, आपलं विचारतोय.

शेवटी मी ठरवलं, आपण कमी पडतोय. नवा सदरा शिवला, फिक्या निळ्या रंगाचा, कॉलर अशी की गिऱ्हाइकं वळून बघतील. हिने बघितलं? "अहो, बाजूला व्हा, टाकीवर सावली पडतेय." झालं! मिशी कोरली... काही नाही. मग एका मंगळवारी मी केसांचा रंग आणला. काळाकुट्ट. आख्खी पुडी कालवली, लावली, धुतली आणि पंधरा वर्षांनी लहान होऊन चहाला बसलो. हिने चहा ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाली, "साखर बरोबर आहे ना?" आणि गेली मागच्या दाराशी! तक्त्यावर मी काय लिहिणार? शाम्पू एक झाकण. रंगाबद्दल बायकोने आपणहून बोलावं, मोरीच्या दाराने कशाला?

आणि दोन दिवसांत टाकीतल्यांचं पोट बिघडलं.

काय सांगू तुम्हाला! वर हा एवढा फेस, आणि वास असा, की शेजारचे काका भिंतीवरून विचारतात, "कोणी गेलं का हो?" हिने रजा टाकली. रजा! मला एकशे दोन ताप होता तेव्हा कपाळावर पट्टी ठेवून कामावर गेली होती ही बाई! टाकीशी स्टूल घेऊन बसली, पाण्यात तपासणीच्या काड्या बुडवतेय, डोळे पुसतेय. "अहो, तीन वर्षांची मेहनत आहे हो माझी... साबण बदललात?" नाही. "पावडर?" नाही. "दाढीचा फेस?" नाही गं! मी तिच्यापासून दोन फुटांवर उभा, डोक्यावर डांबर ओतल्यासारखं काळं, आणि ही माझे हात हुंगतेय, टॉवेल हुंगतेय, सगळं बघतेय, फक्त वर बघत नाही! तेव्हा मात्र खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्यांच्यासाठी नाही. हिच्यासाठी. आणि थोडं माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून पाणी तपासून आली, हातात कागद. "केसांचा रंग सापडलाय! या घरात केस कोण रंगवतं?" घरात माणसं किती? दोन! मी मान खाली घातली आणि डोकं तिच्यापुढे केलं. मग माझ्या केसांवरून हात फिरला... अहो, किती महिन्यांनी! आणि कापऱ्या आवाजात म्हणते, "अहो... तुम्ही..." मी म्हटलं, बोल, बोल! "तुम्ही... किती ग्रॅम लावलात?"

तर झालं असं, की सगळे मेले नव्हते. शंभरातले पाच-दहा तगले, आणि ते म्हणे रंगच खायला लागले! कुठल्याच केंद्रात रंग खाणारे जंतू नाहीत, हिचे साहेब खूश, ही खूश, आणि आता दर मंगळवारी ही स्वतः ब्रश घेऊन, मला स्टुलावर बसवून, मापात माझे केस रंगवते. अर्धा तास! हनुवटी धरून मान इकडे वळवते, कानामागे बोट फिरवते, गुणगुणते... मी डोळे मिटून बसतो. मी जळत नाही हां! आता कशाला जळू?

परवा न राहवून विचारलं, "अगं, खरं सांग, कसा दिसतो मी?"

ब्रश धुताधुता म्हणाली, "थांबा, टाकी बघून सांगते."