डॉक्टरांचे टाके कच्चे

...आणि वर मलाच म्हणतात, "सूनबाई, हळू बोल, टाका उसवेल." म्हणजे बोलायचं मी आणि उसवायचं यांचं? तुम्हाला सांगते, माझ्या सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, अगदी छान झालं, डॉक्टर म्हणाले, आता रोज चाला, उशी छातीशी धरून खोका, नाहीतर कफ साठेल आणि पुन्हा भरती व्हावं लागेल... पण सासरे पडले शिंपी. डॉक्टरांना तोंडावर म्हणाले, "चार तासांत उरकलेलं काम टिकत नाही हो. मी साध्या कोटाला तीन दिवस घेतो."

झालं. घरी आल्यापासून माणूस पलंगावर ताठ. खोकला आला की गिळायचा. माझी चार वर्षांची लेक जवळ गेली की, "तिला लांब ने, ती हसवते. टाका उसवेल." मी मुळातच घाबरट, घडीघडी त्यांच्या नाकाशी बोट धरून बघते, तर डोळे मिटूनच म्हणतात, "आहे अजून."

परवा छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांना फोन केला. "शरीर तयार आहे, मनच उठत नाहीये त्यांचं. उद्यापर्यंत चालले नाहीत तर घेऊन या." आता मन काय दंडाला धरून उठवता येतं?

काही सुचेना, म्हणून लेकीचा शाळेचा फ्रॉक शिवायला बसले, त्यांच्याच मशीनवर, डोळे पुसत. आतून आवाज आला, "दोरा ताणतेयस." मी शिवतच राहिले. "आवाजावरनं कळतंय मला, ताणतेयस." मी तशीच रेटली बाही... आणि मागे वळते तर सासरे दारात. एका हाताने उशी छातीशी, दुसऱ्याने चौकट धरलेली, "अगं, डावी बाही उजवीकडे लावलीस," असे काही ओरडले की ओरडता ओरडता खोकला, खोकल्याबरोबर सगळा कफ बाहेर. मी घाबरून म्हटलं, "बाबा, बसा, टाका उसवेल."

"माझा राहू दे. हा उसव आधी."

तेव्हापासून चालतात, खोकतात, हसतातसुद्धा, माझ्या शिवणीला. त्यांना तीन महिने मशीनला हात लावायचा नाही, म्हणून मशीनवर मी आणि मागे खुर्चीत ते. गिऱ्हाइकांचे अकरा शर्ट अडकलेत, आणि आत्तापर्यंत एक कॉलर झालीय, पाच वेळा उसवून. डॉक्टरांना म्हटलं, किती दिवस चालायचं हे? तर म्हणाले, "त्यांचं मन रमलंय. तीन महिने हे औषध अजिबात बंद करायचं नाही."

तुम्हाला सांगते, ते औषध म्हणजे मी.