वीणा खाली ठेवायची नाही!

या मंडळी, जरा पुढं सरका! खांबाला टेकलेल्या बाप्पांनीसुद्धा — तुम्ही सोडला म्हणून तो खांब काही पडत नाही! माउल्यांनो, लेकरं मांडीवर घ्या. आज अशी गोष्ट सांगतो, जी कुठल्या पोथीत सापडायची नाही. मी या दोन डोळ्यांनी पाहिलेली आहे. गोड लागली नाही, तर जाताना मला प्रसाद देऊ नका!

पण आधी एक प्रश्न. देवाच्या दारात मोठी सेवा कोणाची? मी बोलतो — हार माझ्या गळ्यात. मृदंगावर थाप पडली की तुमच्या माना डोलतात. आणि तो भरदुपारी वीणा धरून नुसता उभा असतो, त्याच्याकडं कोण बघतं? तो मोठा, का मी मोठा? बोला ना! आता का गप्प? बरं, उत्तर राहू द्या मनात. गोष्ट ऐका.

जालन्याकडं तळेपिंपरी नावाचं गाव. तिथं माघात सप्ताह बसतो. सप्ताह म्हणजे काय, तुम्हाला मी काय सांगू? सात दिवस नामाला खंड नाही. वीणा गळ्यातून गळ्यात जाते, भुईला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा. पुढचा आला, दोघं एकमेकांच्या पाया पडले — मग मोठा कोण, लहान कोण, तिथं विचारायचं नाही — आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात!

त्या गावात अंबादास नावाचा गृहस्थ. धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, सप्ताह असो, अंबादास आपला मंडपाच्या मागं, पेटीजवळ, वायरींच्या गुंत्यात बसलेला. आवाज सगळ्यांचा मोठा करायचा, स्वतः मात्र कधी माईकसमोर यायचा नाही. का? गळा! अहो, भजनात तोंड उघडलं की शेजारचा टाळकरी ताल विसरायचा! म्हणून त्यानं उभ्या आयुष्यात कधी वीणा घेतली नव्हती. म्हणायचा, "देवाला माझ्या वायरी चालतात, आवाज नको."

त्याला एकुलती एक लेक, शिवकन्या. तालुक्याच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली. निकाल लागला त्या दिवशी या अंबादासानं काय करावं? पहिल्यांदा माईक हातात घेतला, आणि वेशीवरच्या भोंग्यातून गावाला ऐकवलं, "आमची शिवकन्या आयटीत जाणार! पुण्याला! फुक फुक... ऐकू येतंय का?" ऐकू न येऊन सांगतात कोणाला! म्हशीसुद्धा वळून बघायला लागल्या!

पोरगी पुण्याला गेली. मुलाखतीला बसली. समोरचा साहेब म्हणाला, "हा कोड लिहून दाखव." कोड म्हणजे कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत त्याला काम सांगायचं. पोरगी लिहायला लागली, पण भिंतीवरचा पडदा सारखा लुकलुकत होता. हिचं लक्ष तिकडं! शेवटी उठली, मागची सैल वायर घट्ट बसवली, पडदा स्थिर झाला. साहेब म्हणाला, "छान. आणि कोड?" कोड अर्धाच! बाहेर!

असं दोन-तीन ठिकाणी झालं. पोरगी घरी आली ती मान खाली घालून. आईला म्हणाली, "आई, बाबांनी गावभर सांगून ठेवलंय. आता एकच मुलाखत राहिलीय, फोनवरची. तीही गेली तर आयटी आपलं नाही असं धरीन. स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात माणूस पाहिजे म्हणतात, तिथं बसते."

आई म्हणाली, "बरं, बस. पण आधी सप्ताहाच्या भाकरी थापायला चल!" आया अशाच असतात. त्यांच्याकडं दुःखाला रिकामा वेळ नसतो!

सप्ताहाचा तिसरा दिवस. पहिल्या पंगती उठलेल्या. पुरणपोळी, वर वाटीभर तूप. मंडप आडवा! मीही आडवा — महाराज झालो तरी पोट आहेच की! आणि वीणा धरून उभे कोण? गोविंदमामा. सत्तरी उलटलेले. त्यांची वेळ संपली, पुढचा येईना. दुसरी वेळ संपत आली, तरी येईना! मामांचे पाय थरथरायला लागले. खाली ठेवावी तर खंड पडतो. ओरडावं तर तोंडात नाम! मामा आपले "रामकृष्ण हरी" म्हणतायत आणि डोळ्यांनी माणूस शोधतायत.

शिवकन्येनं पाहिलं. धावत गेली, पाया पडली, वीणा आपल्या गळ्यात घेतली. मामा जागीच बसले.

संध्याकाळी सभा. सप्ताहाचे प्रमुख रखमाजी अण्णा कडाडले, "कोणाचा पहारा होता? समोर या!" सदाशिव उभा राहिला, मान खाली. लोक लागले बोलायला. आणि ही पोरगी मधेच म्हणते कशी, "अण्णा, कोण चुकलं ते नंतर बघू. आधी का चुकलं ते बघा की! सदाशिवकाका त्याच वेळी पलीकडं उरलेल्या पंगतींत वाढत होते. वाढपी आणि पहारेकरी एकच माणूस केला, तर तो वरण टाकून येणार का?"

अण्णा म्हणाले, "मग तूच लाव नीट."

तिनं लावलं. काय केलं? दोनच गोष्टी. प्रत्येक पहारेकऱ्याला एक पाठीराखा दिला — मुख्य माणूस आला नाही, तर त्यानं धावायचं. आणि वीणा देताना नुसतं पाया पडून निघायचं नाही, दोन शब्द सांगून जायचं : तार कशी आहे, पुढं कोण येणार आहे. बस्स! ठकूबाई म्हणून एक म्हातारी पुढं बसायची, दुसऱ्याच्या भजनातला चुकलेला शब्द पकडण्यात तिचा हात कोणी धरला नसता. ती म्हणाली, "एवढ्यासाठी कॉम्प्युटर शिकावं लागतं व्हय गं?" पण सप्ताह कसा चालला म्हणता! घड्याळासारखा!

आता खरी गंमत. सहावा दिवस, दुपार. शिवकन्या स्वतः पहाऱ्याला उभी. मुलाखत होती दुसऱ्या दिवशी. फोन ठेवलेला अंबादासाजवळ. आणि फोन वाजला! आज! आत्ता! मुलाखत एक दिवस अलीकडं आली होती.

अंबादास घाबरला. पेटी सोडून फोन घेऊन लेकीकडं पळाला. तिच्यासमोर माईक — आणि माईक चालू! बोट कुठंतरी दाबलं, फोनच्या पडद्यावर एक बाई दिसायला लागल्या, आणि मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या मृणाल मॅडमचा आवाज तळेपिंपरीच्या वेशीवर!

"हॅलो, शिवकन्या आहे का?"

"आहे, पण तिला येता यायचं नाही, मॅडम! वीणा धरलीय. खाली ठेवायची नसती."

"नसते म्हणजे? ठेवली तर?"

मंडप टुणकन उठून बसला. ठकूबाई ओरडल्या, "ठेवत्यात व्हय? काहीतरीच!"

मॅडम हसल्या. "हे कोण बोललं?"

"गाव बोललं, मॅडम," अंबादास म्हणाला, आणि सुटला! गोविंदमामा, सदाशिव, वरण, पाठीराखा — सगळं सांगून टाकलं. उभ्या जन्मात माईकवर एवढं बोलला नसेल! शिवकन्या नाम घेत उभी, चेहरा लाजेनं लालभडक. वाटलं, गेली! ही मुलाखतपण गेली!

मॅडम म्हणाल्या, "तिला फोन दाखवा. शिवकन्या, उभ्या उभ्याच बोल. कोड जमतो का?"

टाळकऱ्यांनी नाम उचलून धरलं, तेव्हा ती बोलली, "थोडाफार, मॅडम. खोटं कशाला सांगू? म्हणूनच वाटतं, आयटी माझं नाही."

"आयटी म्हणजे नुसता कोड, असं कोणी सांगितलं तुला? लिहिलेला प्रोग्राम लोकांच्या हातात जायच्या आधी त्यातली चूक हुडकणारी माणसं लागतात—"

मंडपातून आवाज, "आमच्या ठकूबाईला घ्या!"

"उद्यापासून येते की!" ठकूबाई तयार!

"पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, अडाण्यालाही कसं सापडावं, हे ठरवणारी लागतात. चोर आत शिरू नये म्हणून राखण करणारी लागतात—"

"चपलांपाशी बसलेला आमचा भिका!" हशा! भिका तिकडं ताठ बसला!

"आणि मुलाखत ज्या कामाची आहे, ते ऐक. कुठल्या दवाखान्याला कोणत्या गटाचं रक्त कुठं मिळेल, हे सांगणारी आमची यंत्रणा आहे. ती बंद पडून चालत नाही. दिवसरात्र पाळीपाळीनं माणसं तिच्यावर नजर ठेवतात. एक उठायच्या आधी दुसरा बसतो. याला आम्ही सपोर्ट म्हणतो."

मंडळी, टाळ चालूच, पण सगळा मंडप फोनकडं सरकला. पोरीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं. आपण जे करतोय, त्याला नाव आहे! जगात त्याची गरज आहे!

आणि तेवढ्यात मॅडमनी बाण सोडला. "बरं, शिवकन्या, आत्ता तुझा पाठीराखा कोण?"

आता गं माय! पोरीनं गावाला पाठीराखे नेमले, आणि स्वतःचा? स्वतःचाच विसरली! आपल्याला काय लागतंय, असं धरून चालली. दुसऱ्याचा संसार मांडून देणाऱ्याचं स्वतःच्या घरचं मीठच आणायचं राहतं, नाही का? काय सांगावं? कोणाचंही नाव ठोकून दिलं असतं, पुण्याला काय कळणार होतं?

ती म्हणाली, "नाही, मॅडम. माझाच नेमायचा राहिला. चूक माझी."

"मग आता?"

तिनं मंडपावर नजर फिरवली. शंभर हात वर झाले होते. पण ती वळली फोन धरलेल्या हाताकडं. "बाबा, तुम्ही घ्या."

"मी?" अंबादास मागं सरकला. "अगं, माझा गळा—"

"बाबा, पहाऱ्याला गळा लागत नाही. उभं राहावं लागतं. तुम्ही जन्मभर मंडपामागं तेच केलंय!"

मंडळी, लेक वाकली बापाच्या पायाशी. आणि बाप वाकला लेकीच्या पायाशी! वीणा त्याच्या गळ्यात आली. वायरी जोडून राठ झालेली बोटं तारेवर ठरली. आणि ही पोरगी — मुलाखत चालू आहे, अख्खं आयुष्य त्या फोनमध्ये अडकलंय — तरी नेम सोडीना! म्हणाली, "डावीकडची तार जरा सैल आहे बाबा, ओढू नका. पुढं सदाशिवकाका येतील, ते वेळेच्या आधीच येतात. नाही आले, तर त्यांचे पाठीराखे किसनदादा, ते पारावर बसलेत."

मग फोन घेतला. "हं, मॅडम. विचारा."

मॅडम म्हणाल्या, "काय विचारू? माझे प्रश्न संपले."

मंडपात नुसता जल्लोष! आणि त्या गलक्यात एक आवाज — जाडाभरडा, बेसूर, भोंग्यातून वेशीपर्यंत — "रामकृष्ण हरी! रामकृष्ण हरी!" शपथेवर सांगतो, टाळकऱ्यांचा ताल चुकला. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. ठकूबाईंनीसुद्धा चूक काढली नाही! काल्याच्या दिवशी शिवकन्येच्या दह्यानं माखलेल्या हातात नोकरीचा निरोप आला. झेरॉक्सचं दुकान तिच्यावाचून चाललंय, काळजी करू नका!

आता माझा मघाचा प्रश्न. मोठा कोण? मी? अहो, मी तास-दोन तास बोलतो आणि जाऊन झोपतो. नाम सात दिवस राहतं ते उभं राहणाऱ्याच्या पायांवर!

आणि बाप्पांनो, आयाबायांनो, तुम्ही पोरांना एकच दार दाखवता. "शेजारच्यांचा पोरगा कोड लिहितो, तू का नाही?" अहो, आधी लेकराकडं बघा! त्याचे डोळे कुठं वळतात? चूक पकडतंय, का रांगोळी नीट करतंय, का सैल वायर घट्ट बसवतंय? देवानं त्याच्या गळ्यात काय घालून पाठवलंय, ते बघा ना! आणि लेकरांनो, तुम्ही — दुसऱ्याला पाठीराखा द्याल, तेव्हा स्वतःलाही एक ठेवा. कमीपणा नाही त्यात.

एवढंच मागतो, मंडळी. उद्या तुमच्या माणसाला रक्त लागलं आणि ते वेळेवर मिळालं, तर डॉक्टरांना हात जोडा, देवाला जोडा. मग क्षणभर डोळे मिटा आणि तळेपिंपरीच्या शिवकन्येची आठवण काढा. ती तेव्हा कुठंतरी पहाऱ्यावर असेल. आणि तिच्या मागं, वायरींच्या गुंत्यात बसलेल्या अंबादासाचीही आठवण काढा.