लिंबावरनं चाक

नारायणगाव स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. नवा मिनी ट्रॅक्टर बघून आले होते.

"खेळण्यागत दिसतोय गं. आपला जुना बघ, नुसतं लोखंड!"

"लोखंड लई हाय, पण हँडल मारल्याबिगर चालू व्हतो का?"

"मी मारतोच की."

"रविवारी. बाकीचं दिवस तुमी चाकणला कंपनीत. मग मी रोज कुणाच्या तरी दारात, 'भाऊ, येवढं हँडल मारा!'"

"आन् ह्यो?"

"किल्ली फिरवली की चालू. द्राक्षाच्या ओळींमधनं सरळ जाईल. मी बघितला चालवून."

"कवा?"

"तुमी चहाला गेलता तवा."

"म्हंजी ह्योच घ्यायचा म्हनतीस?"

"पूजेचं लिंबू चाकाखाली तुमी ठेवा."

"मीच ठेवनार की."

"ठेवा. त्याच्यावरनं ट्रॅक्टर मी घालनार."