दोन डोल्यांचा ल

टायपाचे खिळे भंगारात गेले आणि बोईसरच्या प्रेसात कॉम्प्युटर आला. बिलबुकं न्यायला आलेला मुकुंद बाकावर ताटकळत बसला होता; पुढं चिंचणीची चंद्रकांता प्रेसवाल्यासमोर मुलीच्या लग्नपत्रिकेच्या प्रुफावर बोट आपटत होती.

“पोरगी सांगते, आमचं आडनाव चुकलंय.”

“‘कोली’. बरोबर हाय की, मावशी! तुमी असंच बोलता.”

“बोलायला तसं. लिवायला दोन डोल्यांचा ल.”

“म्हणजे ळ? तो या कॉम्प्युटरात नाय. यातली अक्षरं हिंदीची हायत.”

“मंग तेवडी जागा मोकली सोड. हातानं काढू.”

“सगळ्या पत्रिकांवर? कोण काढणार?”

“मी.”

“तुमाला लिवता येतं?”

“नाय. पयला तू काढून दाव. बाकीचे मी गिरवते.”