एका फटक्यातला चेंडू

डोळ्यांच्या दवाखान्यात एक शिक्षिका आपला नंबर येण्याची वाट पाहत होती. शेजारी दोन म्हातारे गोल्फवाले मोठमोठ्यानं बोलत होते.

“काय वर्ष होतं रे ते! आपल्या क्लबातल्या हौशी कारकुनानं भल्याभल्या व्यावसायिक खेळाडूंना धूळ चारली.”

“त्याच वर्षी मी एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला. क्लबच्या फळ्यावर नाव मात्र त्याचंच.”

“झालं सुरू! अरे, पाहणारं कोणी नसेल तर तो फटका धरतच नाहीत.”

“पलीकडं तू होतास. ‘पाहिला’ म्हणाला असतास तर काय झिजलं असतं तुझं?”

“माझी पाठ होती. खोटं कशाला बोलू? आणि वहिनी असायच्या की बरोबर.”

“ती त्याआधीच, उन्हाळ्यात गेली.”

“हं... हो की. चल, निघतो. सून खाली गाडीत खोळंबलीय.”

“जा, जा. तुझं काय!”

तो गेला. तेवढ्यात नर्स आली.

“आजोबा, थेंब घातल्यावर दोन-तीन तास धड दिसणार नाही. सोबत माणूस लागतं. बाई, तुम्ही यांच्याबरोबर का?”

“छे, मी ओळखतसुद्धा नाही यांना,” शिक्षिका म्हणाली.

“मग कोण आहे, आजोबा?”

“कोणी नाही,” म्हातारा टोपी उचलत म्हणाला. “तेव्हाही नव्हतं.”